सव्वीस सेंटीमीटर कुणाचे? ज्येष्ठांच्या तोल-चाचणीचं एक प्रकरण

ठाण्यातल्या नौपाडा भागात एका ज्येष्ठ नागरिक संघाने तोल सुधारण्यासाठी व्यायामवर्ग सुरू केला. बारा आठवड्यांनी त्याची फेरतपासणी झाली आणि त्यातून काय काय निघालं, त्याची ही नोंद. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं काढून रजिस्टरचे क्रमांक ठेवले आहेत आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरायचा. नावं चोवीस जणांनी दिली. त्यात पंधरा बायका होत्या. वयं अडुसष्ट ते त्र्याऐंशी. बहुतेक जण तलावपाळीला, म्हणजे तळ्याकाठच्या रस्त्यावर, रोज एखादी फेरी मारणारे, म्हणजे घरात बसून राहणारे नव्हते.

फेब्रुवारीच्या अखेरीस पहिली मोजणी झाली. मुख्य चाचणी फंक्शनल रीचची, म्हणजे उभं राहून, पाय न हलवता हात किती पुढे नेता येतो ते मोजायचं. ही चाचणी पामेला डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. खर्च एका पट्टीचा आणि वेळ माणशी पाच मिनिटं, त्यामुळे अशा वर्गांना ती सोयीची पडते. जोडीला टाइम्ड अप अँड गो, म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. त्याला किती सेकंद लागतात ते पाहायचं.

पहिली मोजणी ज्या फिजिओथेरपिस्टने केली, त्यांना एप्रिलमध्ये दुसरीकडे नोकरी लागली. त्या राहायला ठाण्यातच होत्या, पण सकाळच्या वेळा जमेनात. जूनची मोजणी दुसऱ्या फिजिओथेरपिस्टने दोन इंटर्नना घेऊन केली. पुढे त्यांना 'पहिल्या' आणि 'दुसऱ्या' असंच म्हटलं आहे.

अडचण उघड झाली ती अशी

जूनच्या मोजणीला एकवीस जण आले. रीच पंचवीस सेंटीमीटरच्या वर असेल तर हिरवा गट, खाली असेल तर लाल, अशी यादी तयार झाली आणि त्याच संध्याकाळी ती संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही गेली. (ती टाकायला नको होती, हे नंतर सगळ्यांनीच मान्य केलं.)

सात नंबरच्या काकू, वय चौऱ्याहत्तर. फेब्रुवारीत सतरा सेंटीमीटर, जूनमध्ये सव्वीस. लाल गटातून त्या थेट हिरव्या गटात गेल्या. हिरव्या गटाला भिंतीचा आधार न घेता एका पावलापुढे दुसरं जोडून उलटं चालायला लावत. दुसऱ्याच दिवशी काकूंचा तोल गेला. शेजारी उभ्या असलेल्या इंटर्नने दंड धरला म्हणून त्या पडल्या नाहीत.

एकोणीस नंबरचे काका, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचं उलटं झालं. एकोणतीसवरून बावीस. मुलाने ग्रुपवर लाल खूण पाहिली आणि दुसऱ्या दिवशी वॉकर आणून ठेवला. काकांनी तलावपाळीची फेरी बंद केली.

काकूंचा तोल गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं की रीच नऊ सेंटीमीटरने वाढलेल्या बाईचा तोल असा जातो कसा? रजिस्टर पुन्हा उघडलं गेलं ते त्या प्रश्नामुळे.

आकडा हलतो कशाने

दोन्ही वेळचे कागद शेजारी ठेवले तेव्हा पहिला फरक नोंदीतच दिसला. फेब्रुवारीत सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन आकडे लिहिले होते. जूनमध्ये फक्त वजाबाकी. सुरुवात मुठीच्या उंचवट्यापासून धरली आणि शेवट बोटांच्या टोकाशी वाचला, तर आठ-नऊ सेंटीमीटर फुकट मिळतात. पुढे जाताना मूठ उघडणं अगदी स्वाभाविक आहे, काहीतरी पकडायला जावं तसं. पण दोन आकडे लिहिलेलेच नसल्यामुळे जूनमध्ये हे कुणाच्या बाबतीत घडलं ते शोधायला वाव उरला नाही.

दुसरा फरक पट्टीचा. फेब्रुवारीत पट्टी प्रत्येकाच्या खांद्याच्या उंचीला धरली होती. जूनमध्ये शिंप्याची टेप भिंतीवर एकशेतीस सेंटीमीटरवर चिकटवून टाकली. एकशे पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीच्या बाईला त्या टेपशी हात नेण्यासाठी तो खांद्याच्या वर उचलावा लागतो. हात नव्वद अंशांत राहत नाही आणि आकड्याला अर्थ उरत नाही. शिवाय डिस्टेंपरच्या भिंतीवर पावसाळी हवेत चिकटपट्टी सुटते. टेप मधोमध लोंबत होती, हे इंटर्नच्या फोनमधल्या एका फोटोत स्पष्ट दिसत होतं.

तिसरं कारण टाचेचं, आणि सर्वांत जास्त घोटाळा तिथे होता. टाच उचलली की आधाराचं क्षेत्रच बदलतं आणि चाचणी वेगळीच होते. जूनमध्ये मोजणारी व्यक्ती हाताशी, टेपवर डोळा लावून उभी होती. टाचांकडे पाहायला कुणी नव्हतं. आणि पाहिलं असतं तरी दिसलं नसतं, कारण बहुतेक काकू साडीत होत्या. निऱ्यांचा घोळ जमिनीला टेकलेला असला की आत टाच दोन बोटं उचलली गेली तरी बाहेरून पत्ता लागत नाही. बुटक्या बाईला टेप उंच पडते, म्हणून ती टाच उचलते. म्हणजे दुसरी चूक तिसरीला खतपाणी घालत होती.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगण्यासारख्या. फेब्रुवारीत सगळे अनवाणी होते. जूनमध्ये फरशी ओली म्हणून चपला घालूनच मोजलं. मोजणाऱ्या दोघींपैकी एकीने खांदा पुढे काढून धड वळवू दिलं, दुसरीने वळवू दिलं नाही. एका हाताने केलेल्या रीचमध्ये धड वळलं की आकडा वाढतो, तोल मात्र तेवढाच असतो. एक गप्प उभी राहिली, दुसरी "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत राहिली. आणि चौघांचा खांदा इतका आखडलेला होता की हात नव्वद अंशांपर्यंत जातच नव्हता. त्यांच्यापुढे जूनच्या कागदात शून्य लिहिलं होतं.

हे शून्य जरा थांबून पाहावं असं आहे. डंकन यांच्या गटाने १९९२ मध्ये २१७ वयस्कर पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा इंच, म्हणजे २५.४ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त रीच असणाऱ्यांच्या तुलनेत, सहा ते दहा इंचवाल्यांना वारंवार पडण्याचा धोका सुमारे दुप्पट, सहा इंच किंवा कमीवाल्यांना चौपट, आणि ज्यांना प्रयत्न करूनही पुढे जाताच आलं नाही त्यांना आठपट आढळला. शून्य लिहिलं की वाचणारा त्या माणसाला आठपटवाल्यांत टाकतो. इथे तर प्रश्न फक्त आखडलेल्या खांद्याचा होता.

आणि संघाने हिरव्या-लालची रेघ ओढली होती ती याच दहा इंचांवर. तो अभ्यास सगळा पुरुषांवरचा. १९९० च्या मूळ तक्त्यात सत्तर ते सत्त्याऐंशी वयाच्या बायकांची सरासरीच २६.७ सेंटीमीटर आहे आणि त्याच वयाच्या पुरुषांची ३३.५. उंचीचाही परिणाम होतो. म्हणजे ठणठणीत बायकांतही कितीतरी जणी त्या रेघेच्या आसपास घुटमळणार. तिथे मोजण्यात दोन सेंटीमीटरची चूक झाली की रंग बदलतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय यादी तशीच ठेवायची आणि काकूंच्या बाबतीत 'अपवाद' म्हणायचं. समितीतल्या दोघांचा कल तिकडे होता, कारण वर्गासाठी देणगी देणाऱ्यांना जुलैत अहवाल द्यायचा होता.

दुसरा पर्याय दोघींच्या मोजण्यातला सरासरी फरक काढून तेवढा फेब्रुवारीच्या सगळ्या आकड्यांत मिळवायचा किंवा वजा करायचा. वर्ग वाया गेला असं म्हणावं लागू नये म्हणून हा पर्याय सगळ्यांना मोहात पाडत होता. पण चूक प्रत्येकाच्या बाबतीत सारखी नव्हती. टाचेची चूक बुटक्या, साडीतल्या बायकांत जास्त. पँट घातलेल्या काकांची टाच दिसत होती. सरसकट दुरुस्तीने काहींचे आकडे सुधारले असते आणि बाकीच्यांचे बिघडले असते.

तिसरा पर्याय रीच चाचणी टाकून फक्त टाइम्ड अप अँड गो ठेवायची. पण तिच्यातही गोंधळ होताच. फेब्रुवारीत हातांची लाकडी खुर्ची होती, जूनमध्ये बिनहातांची प्लॅस्टिकची. मूळ चाचणीला हातांची खुर्ची लागते आणि बैठक सुमारे ४६ सेंटीमीटर उंच असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खुर्चीचे हात नसतील तर उठतानाच दोन-तीन सेकंद जातात.

चौथा पर्याय थांबायचं, मोजण्याची पद्धत लिहून काढायची, ती किती भरवशाची आहे हे आधी मोजायचं आणि मग नव्याने सुरुवात करायची. याला तीन आठवडे जाणार होते आणि देणगीदारांना 'सुधारणा किती' ते सांगता येणार नव्हतं. समितीने अखेर हाच पर्याय निवडला, पण खुशीने नव्हे.

प्रत्यक्ष काय केलं

बारा जण घेतले. पहिल्या फिजिओथेरपिस्टना शनिवारी सकाळी बोलावलं. पहिल्या शनिवारी दोघींनी आपापल्या सवयीप्रमाणे मोजलं. मध्ये वीस मिनिटं विश्रांती, सहा जणांना आधी पहिल्या आणि सहा जणांना आधी दुसऱ्या, आणि एकीचे आकडे दुसरीला दाखवायचे नाहीत.

प्रत्येकाच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली. त्या बारा वजाबाक्यांची सरासरी २.८ सेंटीमीटर आली. दुसऱ्यांचा आकडा सातत्याने जास्त. वजाबाक्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे त्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत त्याचं माप, ३.२. त्याला १.९६ ने गुणलं की ६.३; शंभरातले साधारण पंच्याण्णव फरक सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढ्यात येतात. याचा अर्थ, हे मोजणारे बदलले तर तो सरासरी फरक वगळूनही एखाद्याचा आकडा सहा सेंटीमीटरने इकडे-तिकडे होऊ शकतो, त्या माणसात काहीच बदललेलं नसताना.

आयसीसी, म्हणजे विश्वासार्हतेचा जो गुणांक शोधनिबंधांत दिला जातो, तो ०.८६ आला. ऐकायला चांगला वाटतो. पण आयसीसी निरनिराळ्या प्रकारे काढता येतो. ०.८६ हा क्रम जुळतो का एवढंच पाहणारा होता. दोघींचे आकडे प्रत्यक्ष जुळतात का, हे पाहणारा प्रकार घेतला तेव्हा तो ०.७८ वर आला. शिवाय गटात तगडे आणि थकलेले असे दोन्ही टोकांचे लोक असले की आयसीसी आपोआप वर जातो. काकूंच्या नऊ सेंटीमीटरांचं काय करायचं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. ते सेंटीमीटरमधल्या ६.३ मधून मिळतं: त्यात २.८ चा सरासरी फरक मिळवला की ९.१ होतात, म्हणजे काकूंचे नऊ त्याच्या आतच.

मग पद्धत लिहून काढली. ती अशी ठरली:

एक मीटरची लाकडी पट्टी. भिंतीवर दोन उभ्या वेल्क्रोच्या पट्ट्या, शंभर ते दीडशे सेंटीमीटरपर्यंत. पट्टी प्रत्येकाच्या खांद्याच्या हाडाच्या उंचीला लावायची आणि गवंड्याच्या लेव्हलने आडवी आहे का ते पाहायचं. माणूस भिंतीपासून चार बोटं दूर. अनवाणी. कोरडी फरशी.

खाकी कागदावर दोन्ही पावलांची बाह्यरेषा पेन्सिलने काढायची, कागद चारही कोपऱ्यांना चिकटवायचा आणि काम झालं की क्रमांक घालून फाइलला लावायचा. पुढच्या वेळी पाय त्याच खुणांवर. पायांतलं अंतर बदललं की तोल बदलतो, आणि तीन महिन्यांपूर्वी कसे उभे होतो हे कुणाला आठवणार?

साडी घोट्याच्या वर खोचायची. हे आधी सांगून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी संकोच होत नाही. मोजणीच्या जागी आडोशाला पडदा लावला. तरीही ज्यांना नको वाटलं त्यांना पंजाबी ड्रेस किंवा गाऊन घालून यायला सांगितलं. दोन्ही टाचांखाली वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी. एक इंटर्न मागे पाटावर बसून पट्टीचं टोक हलकेच धरून ठेवणार. पट्टी सरकली तर तो प्रयत्न बाद. दुसरी इंटर्न माणसाच्या बाजूला, किंचित मागे, हात न लावता पण लावता येईल अशी उभी. वाचणारी तिसरी, डोळे पट्टीच्या पातळीत.

मूठ बंद, खूण मधल्या बोटाच्या उंचवट्यावर. दोन प्रयत्न सरावाचे, तीन मोजायचे, तिन्हींची सरासरी. सहाही वाचनं लिहायची, वजाबाकी नंतर. सूचना कागदावर छापलेली आणि प्रत्येकाला तीच वाचून दाखवायची: "मूठ सरळ ठेवून, पाय न उचलता, भिंतीला न टेकता जमेल तेवढं पुढे वाका आणि परत या." त्यानंतर गप्प. खांदा आखडलेल्यांपुढे शून्याऐवजी आडवी रेघ आणि शेजारी कारण.

एक हात की दोन, यावर बराच वाद झाला. दोन हातांनी केलं तर धड वळवता येत नाही आणि चुकीचं एक मूळच जातं. पण मग १९९० च्या तक्त्याशी आणि फेब्रुवारीच्या आकड्यांशी तुलना बंद. एकच हात ठेवायचं ठरलं. धड वळलं तर प्रयत्न बाद.

दुसऱ्या शनिवारी नव्या पद्धतीने तेच बारा जण, त्याच दोन मोजणाऱ्या. दोघींमधला सरासरी फरक २.८ वरून ०.६ वर आला. तिसऱ्या शनिवारी फक्त दुसऱ्यांनी त्याच वेळेला पुन्हा मोजलं, म्हणजे मोजणारी तीच असताना आठवड्याभरात आकडा आपोआप किती हलतो ते कळावं. वजाबाक्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन २.४ आलं, १.९६ ने गुणून ४.७. संघाने पाच सेंटीमीटरचा नियम केला. त्याहून कमी बदल असेल तर 'तेवढंच' असं लिहायचं.

अर्थात बारा जणांवरून काढलेलं २.४ फार पक्कं नसतं. गणित केलं तर खरं मूल्य १.७ ते ४.१ च्या दरम्यान कुठेही असू शकतं, म्हणजे पाचाच्या जागी साडेतीन किंवा आठही. रेघ खडूची आहे, हे रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं.

काय निष्पन्न झालं

सात नंबरच्या काकू नव्या पद्धतीने साडेएकोणीस आल्या. साडी वर खोचून, टाचेखाली पट्टी ठेवून पहिला सराव-प्रयत्न केला तेव्हा पट्टी लगेच निघून आली. "अगं बाई, मला कळलंच नाही टाच उचलली ते," असं त्याच म्हणाल्या. लाकडी खुर्चीवरून टाइम्ड अप अँड गोला १५.२ सेकंद लागले. धोक्याची खूण म्हणून बारा सेकंद धरले जातात, त्यामुळे दोन्ही चाचण्या एकच सांगत होत्या. त्या परत लाल, म्हणजे आधार घेऊन व्यायाम करणाऱ्या, गटात गेल्या.

एकोणीस नंबरचे काका साडेसत्तावीस आले. जूनमध्ये त्यांचा नंबर अकरा वाजता लागला होता. दीड तास रांगेत, त्यातला बराच वेळ उभ्याने. पण गोष्ट इथे संपली नाही. मोजणीआधी आता "उभं राहिलं की अंधारी येते का?" हा प्रश्न विचारला जात होता आणि काका हो म्हणाले. आडवं पडून रक्तदाब १४२/८४, उभं राहिल्यावर दोन मिनिटांनी ११८/७६. वरचा आकडा वीसहून जास्त उतरला तर ते औषधांकडे पाहण्याचं कारण असतं. त्यांच्या डॉक्टरांनी प्रोस्टेटची गोळी रात्रीवर नेली आणि चक्कर कमी झाली. रीच चाचणीने हे शोधलं असं म्हणता येणार नाही. प्रश्नाने शोधलं. वॉकर माळ्यावर गेला, फेरी पुन्हा सुरू झाली.

फेब्रुवारी ते जूनच्या वर्गाचा उपयोग झाला की नाही, हे सांगता आलं नाही. देणगीदारांना तसंच कळवलं. जुलैची मोजणी नवी सुरुवात धरली आणि ऑक्टोबरमध्ये एकोणीस जण पुन्हा मोजले. सरासरी १.९ सेंटीमीटर वाढली; खरी वाढ साधारण ०.४ ते ३.४ च्या दरम्यान कुठेही असू शकते. पाचच्या वर फक्त चौघं गेले. गटाची सरासरी खरोखर हलली असू शकते आणि तरीही एकेकाबद्दल 'तुम्ही सुधारलात' असं ठामपणे म्हणता येत नाही. समितीला हे समजावताना सगळ्यात जास्त वेळ गेला. तुलनेसाठी व्यायाम न करणारा गटही नव्हता, त्यामुळे ती वाढ व्यायामाने झाली की पाऊस संपून लोक पुन्हा चालू लागले म्हणून, हा प्रश्न राहतोच.

पुन्हा करायचं झालं तर

फेब्रुवारीतच पाच जणांना आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजलं असतं तर एक सकाळ गेली असती आणि तीन महिने वाचले असते. दोन्ही मोजणाऱ्या सुरुवातीपासून हजर असत्या तर मोजणी एकीवर अडली नसती.

एका हाताचा निर्णय चुकला असं आता वाटतं. तो घेतला फेब्रुवारीशी तुलना राहावी म्हणून, आणि फेब्रुवारीचे आकडे तर शेवटी सोडूनच द्यावे लागले. पुढच्या तुकडीला दोन हातांची पद्धत लावायची का, हे अजून ठरलेलं नाही. एकाच रेघेवरून गट बदलण्याची प्रथा मात्र बंद झाली. आता गट बदलायचा तर रीच, टाइम्ड अप अँड गो आणि पावलं जोडून दहा सेकंद उभं राहणं, या तिन्हींपैकी दोन हलले पाहिजेत, आणि नव्या गटातला पहिला दिवस भिंतीला धरून.

यादी ग्रुपवर जात नाही. ज्याचा त्याला कागद मिळतो. ऑक्टोबरमध्ये सात नंबरच्या काकूंच्या कागदावर एकवीस लिहिलं होतं आणि शेजारी 'तेवढंच'. आईला टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बसने एकटीला जाऊ द्यावं का, असं मुलीने विचारलं. त्याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नव्हतं. बसच्या पायरीच्या उंचीचा स्टूल हॉलमध्ये आणला आहे. सध्या काकू दर शुक्रवारी बार धरून त्यावर चढ-उतार करतात.